अनोळखी बाईला दिलेले उत्तर

दिनांक ९ जानेवारी २०२४, वर्धा. 'मी, सौ. कोकिळा रूपराव भोयर, एम. ए. (समाजशास्त्र), मुलाखतकार, याद्वारे लेखी तक्रार नोंदवते की, फेरतपासणीसाठी नेमलेल्या कु. नमिता परब यांनी माझ्या वीस कुटुंबांच्या पुन्हा मुलाखती घेतल्याचे दाखवून त्यांपैकी तेरा ठिकाणी प्रश्न क्रमांक सतराचे उत्तर बनावट लिहिले आहे. त्या गावात मी कोणालाही परकी नाही. तेथील बायांनी मला एक सांगावे आणि काल आलेल्या मुलीला दुसरे सांगावे, हे संभवत नाही. सबब कु. परब यांना कामावरून दूर करून त्यांच्या नोंदी रद्द कराव्यात.'

तक्रारीच्या दोन प्रती होत्या. एक अभ्यास केंद्राच्या आवक टेबलावर दिली. दुसरीवर पोच म्हणून शिक्का घेतला आणि तो नीट उमटला नाही म्हणून पुन्हा मारायला लावला. कागदाच्या बाबतीत कोकिळाताई अशाच होत्या. वय एकोणपन्नास. त्यांतली एकवीस वर्षे दुसऱ्यांच्या प्रश्नावल्या घेऊन वर्धा जिल्ह्यातील गावे पालथी घालण्यात गेली होती. कायम नोकरी त्यांना कधी मिळाली नाही. संस्था बदलत, विषय बदलत. कधी पिण्याचे पाणी, कधी मुलींची शाळा, कधी बाळंतपणे. अहवालाच्या पहिल्या पानावर नागपूरच्या, पुण्याच्या विद्वानांची नावे येत. कोकिळाताईंचे नाव अगदी शेवटी, आभारांत, गाडीच्या चालकाच्या खाली. त्याबद्दल त्या कडवट होत्या आणि त्यांच्या जागी कोणीही कडवट झाले असते.

पण एक गोष्ट त्यांच्यापाशी होती, जी त्या विद्वानांपाशी नव्हती. त्यांचे माहेर नाचणगावचे, सासर आर्वीचे. आईचे माहेर सेलूकडे आणि तिघी बहिणी तीन दिशांना दिलेल्या. जिल्ह्यातल्या कोणत्याही ओसरीवर बसले की दहा मिनिटांच्या आत त्या घराशी कुठून तरी धागा जुळे. कोणाची आत्या, कोणाची मावससासू, निदान कोणाच्या माहेरची शेजारीण. एकदा नाते निघाले की बाया मोकळ्या होतात, असा त्यांचा एकवीस वर्षांचा सिद्धान्त होता. केंद्राचे संचालक प्रभाकरराव नव्या मुलामुलींच्या प्रशिक्षणात त्यांना मुद्दाम उभे करीत. पडद्यावर 'विश्वास संपादन करा' अशी ओळ झळके आणि सर म्हणत, "ते कसं करायचं, हे पुस्तकात नाही. यांच्याबरोबर एक दिवस फिरा." त्या दिवशी घरी जाताना कोकिळाताईंची चाल वेगळीच असे.

या वेळची पाहणी शेतकरी कुटुंबांतल्या बायांच्या आजारपणाविषयी होती. बाई दुखण्याने पडली तर तिला दवाखान्यात न्यायचे की नाही, हे घरात कोण ठरवते, हा तिचा गाभा. आंजीच्या पलीकडचे एक गाव कोकिळाताईंकडे आले. (गावाचे नाव येथे दिलेले नाही आणि तिथल्या माणसांची नावे आणि नात्यांचे तपशील बदलले आहेत. का, ते पुढे कळेल.) चाळीस घरे होती. सतरावा प्रश्न असा छापलेला होता: 'गेल्या दोन वर्षांत दुखणे असूनही तुम्हाला दवाखान्यात जाऊ दिले नाही, असे कधी झाले का?'

नोव्हेंबरात त्या आनंदाबाईच्या घरी गेल्या. समोरच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस रचलेला होता आणि त्याच्याच कडेला बसून आनंदाबाईची सासू वाती वळत होती. म्हातारीने वर न पाहता विचारले, "कोन्या गावच्या बाई तुमी?"

"माहेर नाचणगाव. सासर आर्वी."

"आर्वीले तं माही कमला देल्ली."

मग काय. आडनाव निघाले, गल्ली निघाली आणि म्हातारीची लेक कमला ही कोकिळाताईंच्या सख्ख्या चुलत दिराची बायको, म्हणजे त्यांची जाऊच निघाली. म्हातारीने वाती बाजूला सारल्या. चहात साखर वाढली, बशीत चिवडा आला. कोकिळाताईंनी आनंदाबाईला वहिनी म्हणायला सुरुवात केली, कारण कमला तसेच म्हणे. प्रश्नांची गाडी छान चालली. सतरावा प्रश्न आला तेव्हा मात्र त्यांची जीभ अडखळली. ज्या घरचा चिवडा तोंडात आहे त्या घराला, आणि तेही जावेच्या आईसमोर, तुम्ही सुनेला अडवता का, असे विचारायचे? हे विचारणे नव्हते, नाक कापणे होते. तेव्हा त्यांनी प्रश्न थोडा मऊ केला.

"वहिनी, आपल्या घरी दवाखान्याले कोनी आडवत नसनच, नाई का?"

आनंदाबाईने पदर सारखा केला. "नाई वो ताई. इथं काय कमी हाय."

'नाही'च्या चौकोनात खूण झाली. निघताना म्हातारीने तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी हातात दिली, माह्या कमलाले द्या म्हणून. कोकिळाताईंनी ती दुसऱ्याच दिवशी आर्वीला पोचवली आणि तासभर बसून माहेरची सगळी खुशाली जावेला सांगितली.

चाळीसपैकी पस्तीस घरांत 'नाही' आले.

केंद्राचा नियम असा की प्रत्येक मुलाखतकाराची निम्मी घरे दुसऱ्या कोणी तरी पुन्हा विचारायची आणि त्या दुसऱ्याला आधीची उत्तरे दाखवायची नाहीत. हे काम नमिताकडे आले. नमिता परब सत्तावीस वर्षांची, कुडाळकडची. वर्ध्यात एक खोली घेऊन राहणारी. तिला इथली बोली येत नव्हती. तिने पहिल्याच घरी आपल्या कोकणी हेलात 'म्हातारीला बरं आहे ना' असे काही तरी विचारले तर बाया तोंडाला पदर लावून हसल्या आणि तिला 'कोकनातली पोट्टी' असे नाव पडले. तिला गावात कोणाशीच नाते जुळवता आले नाही. बसायला ओसरीही मिळेना, म्हणून ती बायांबरोबर कापूस वेचायला वावरात जाई आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून विचारी.

दोघींच्या नोंदी संगणकातून शेजारी शेजारी छापून आल्या. डाव्या रकान्यात कोकिळाताईंचे 'नाही', उजव्या रकान्यात त्याच घराचे 'हो'. एक नाही, दोन नाही, वीसपैकी तेरा. तो कागद त्यांनी आधी एका हाताने धरला, मग दोन्ही हातांनी. आपण वाचण्यात चुकतो आहोत असे वाटून ओळीवर पट्टी ठेवून पुन्हा वाचला. आनंदाबाईच्या ओळीत 'हो' होते आणि पुढे 'दोन वर्षांपासून' अशी टीपही होती. कमलेच्या माहेरी! ही मुलगी झाडाखाली बसून कागद भरते आहे, दुसरे काही असूच शकत नाही, असे त्यांनी त्या क्षणी ठरवून टाकले. वर दिलेली तक्रार त्या रागातून लिहिली गेली.

प्रभाकररावांनी सांगितले की नुसती तक्रार चालणार नाही, घरांची निवेदने आणा. जानेवारीच्या अखेरीस कोकिळाताई पुन्हा त्या गावात गेल्या. आनंदाबाई आणि म्हातारी दोघीही घरात होत्या. या खेपेला त्यांनी सरळ विषयालाच हात घातला.

"वहिनी, त्या पोट्टीनं तुमच्या नावावर भलतंच लिहून ठेवलं. तुमी तसं काई बोलल्या नसान."

आनंदाबाईने सासूकडे पाहिले. "नाई. तेच काईबाई लिहून गेली असन."

म्हातारी म्हणाली की त्या पोरीला तर आपण घरात पाऊलही टाकू दिले नव्हते. कोकिळाताईंनी कागद पुढे केला. आनंदाबाईने एकेक अक्षर रेखत सही केली. पाचवीपर्यंत शिकलेली बाई. सहीला तिला वेळ लागला आणि तो वेळ कोकिळाताईंना समाधानाचा वाटला. संध्याकाळपर्यंत अशा सहा सह्या जमल्या.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात केंद्राच्या बैठकीच्या खोलीत तिघे बसले. निवेदने टेबलावर मांडलेली. नमिताला विचारण्यात आले की यावर काय म्हणणे आहे. ती म्हणाली की बायांची परवानगी घेऊन तेराही मुलाखती तिने ध्वनिमुद्रित केल्या आहेत. प्रभाकरराव म्हणाले, छान, मग लावा की. नमिताने फोन बाहेर काढलाही. पण मग कोकिळाताईंकडे पाहून तो तसाच पालथा ठेवला.

"सर, तुम्ही एकटे ऐका. मॅडमसमोर मी लावणार नाही."

कोकिळाताईंना आपल्या कानांवर विश्वास बसला नाही. एकवीस वर्षांत कोणी त्यांना खोलीबाहेर जा असे म्हटले नव्हते. मी काय चोर आहे का, असे त्यांनी विचारले.

"नाही मॅडम. तुम्ही त्यांच्या नात्यातल्या आहात. गावातलं किंवा नात्यातलं कुणी हे ऐकणार नाही, असं मी प्रत्येकीला सांगितलंय. त्यावरच त्या बोलल्या."

"सांगतलंच नाई तं ऐकवशीन काय?" कोकिळाताईंच्या तोंडून कार्यालयात पहिल्यांदाच घरची बोली निघाली.

प्रभाकररावांनी घड्याळ पाहिले. तेरा मुलाखती, प्रत्येकी पाऊण तास. अहवाल पुढच्या महिन्यात द्यायचा. आणि सहा सह्या तर समोर पडलेल्या. ते फार सभ्यपणे म्हणाले की एकटे ऐकण्याइतका अवधी नाही, आणि ज्या पुराव्याची शहानिशा तक्रारदारासमोर होत नाही तो पुरावा नव्हे. महिनाअखेर नमिताला मोकळे करण्यात आले. अनुभव प्रमाणपत्रावर शेरा पडला: 'नोंदी विश्वासार्ह आढळल्या नाहीत.' ती रडली नाही, भांडली नाही. फक्त ध्वनिमुद्रणे केंद्राकडे जमा करून ती नियमाप्रमाणे कुलपात राहतील एवढे लेखी मागून गेली. कोकिळाताईंना ते विचित्र वाटले. खोटे पकडले गेलेले माणूस इतके गप्प राहते?

मार्चमध्ये कमलेचा फोन आला. वहिनीला भरती केले होते. अंगावरून जाणे थांबेना, वावरात चक्कर येऊन पडली, शेवटी गावातल्या लोकांनीच गाडीत घालून सरकारी दवाखान्यात आणली. गर्भपिशवी काढून टाकावी लागली. नात्यातले माणूस दवाखान्यात असले की भेटायला जायचेच असते. कोकिळाताई मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन गेल्या. कमला खाली औषधे आणायला गेली होती. आनंदाबाई पांढरी फटक पडून होती. पण जीव वाचला होता आणि तिला बोलावेसे वाटत होते.

कोकिळाताईंनी विचारले की हे कधीपासून. आनंदाबाई म्हणाली, दोन वर्षांपासून.

दोन वर्षांपासून. ही टीप त्यांनी कुठे वाचली होती, हे त्यांना लगेच आठवले आणि डब्याचे झाकण हातातच राहिले.

"मंग दवाखान्यात काऊन नाई गेल्या?"

"आत्याबाई म्हने, बाईच्या जातीले असतेच. वेचनीच्या दिसांत कोन जाऊ देते?"

"मी विचारलं होतं ना वहिनी. दोनदा विचारलं."

आनंदाबाई हसली. टाके ओढले गेले म्हणून हसणे अर्ध्यावर थांबवले. "तुमी कुठं विचारलं ताई? तुमीच तं म्हनत होत्या, आपल्या घरी आडवत नसनच. आता पाव्हनं मानूस उन्हातानाचं आलं, नात्याचं हाय, सासू बाजूले बसली. त्याले मी नाई कशी म्हनू?"

"आनं त्या पोट्टीले सांगतलं?"

"ते कोनाचीच नव्हती. तिले सांगतलेलं कुठं जाते?" मग, अगदी शांतपणे, ती म्हणाली, "तुमाले देल्लेल्या शेंगा दुसऱ्या दिवशी आर्वीले पोचल्या. मंग माही गोष्ट पोचली नसती काय?"

कोकिळाताईंनी सहीविषयी विचारले. मग खोट्या कागदावर सही तरी का केली? आनंदाबाईने त्यांच्याकडे असे पाहिले, जणू हे विचारण्याइतकी अडाणी बाई तिने पाहिली नव्हती.

"तुमी कागद काढूनच बसल्या होत्या."

तेवढ्यात कमला औषधे घेऊन आली आणि आनंदाबाईने मान भिंतीकडे वळवली. कमला विचारत होती, काय म्हणते वहिनी. कोकिळाताईंच्या ओठावर सगळे आले होते, जावेला सांगायची सवय हाडीमासी होती. त्या म्हणाल्या, काही नाही, झोप येते म्हणते. एवढे एकच वाक्य बोलून त्यांनी डब्याचे झाकण लावले.

घरी आल्यावर त्यांनी आपल्या वह्या काढल्या. कोणत्या घरी कोणते नाते निघाले, हे त्या प्रत्येक कामात लिहून ठेवीत. पुढच्या पाहणीला उपयोगी पडते म्हणून. त्या गावाची पाने त्यांनी प्रश्नावलीच्या झेरॉक्सशी लावून पाहिली. चाळीसपैकी एकतीस घरांशी नाते निघाले होते. त्या एकतीसही घरांत सतराव्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' होते. नाते न निघालेली घरे नऊ. त्या नवांतील पाच बायांनी 'हो' म्हटले होते. त्या पाचजणींपुढे त्यांनी स्वतःच्या हाताने पेन्सिलीने लिहिले होते: 'फटकळ. घरात पटत नसावे.'

त्यांनी आदल्या वर्षीची वही उघडली, मग तिच्या आधीची. बाळंतपणाच्या वेळी काय खायला मिळाले? भरपूर. मुलीची शाळा कोणी सोडायला लावली? कोणी नाही, तिलाच आवड नव्हती. घरात हात उचलला जातो का? त्या प्रश्नाखाली तर ओळीने 'नाही', पानेच्या पाने, आणि समासात आत्या, मावशी, भाचेसून, जाऊबाईंची बहीण. रूपराव, त्यांचे यजमान, जेवायला हाक मारून गेले, पुन्हा येऊन उभे राहिले आणि काय झाले म्हणून विचारू लागले. काय सांगणार? आपल्या चांगुलपणाने किती घरांची तोंडे शिवली, हे एका वाक्यात सांगता येत नाही. ज्या गोष्टीसाठी आपल्याला प्रशिक्षणात उभे केले जात होते, तीच गोष्ट एकवीस वर्षे उत्तर बिघडवत होती आणि ती बिघडवते हे तपासण्यासाठीच नमिताला नेमले होते. तिने ते शोधून दिले. तिला आपण हाकलले.

दुसऱ्या दिवशी त्या प्रभाकररावांकडे गेल्या. तक्रार मागे घेते, माझ्या नात्याची एकतीसही उत्तरे गाळा, नमिताची घ्या, तिच्यावरचा शेरा काढा, असे सांगितले. आनंदाबाईचे नाव त्यांनी घेतले नाही. सर ऐकत गेले आणि मग समजुतीच्या सुरात बोलले की मसुदा पाठवून झाला आहे, एकतीस घरे काढली तर त्या गावाचा नमुनाच उरत नाही. आणि शिवाय...

"निवेदनं तुम्हीच आणलीत, कोकिळाताई. आता ती खोटी म्हणायची, तर चूक कोणाची ठरेल, याचा विचार केलात का?"

"माझीच ठरेल, सर. तेच लिहून आणलं आहे."

त्यांनी दुसरे पत्र टेबलावर ठेवले. ते घेतले गेले. त्याचे उत्तर आजपर्यंत आलेले नाही आणि त्यानंतर केंद्राकडून, किंवा जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडून, कोकिळाताईंना कामाचा निरोपही आलेला नाही. त्याचे त्यांना वाईट वाटते. पण त्याविषयी त्या तक्रार करीत नाहीत. तक्रार करण्याजोगे त्याहून मोठे आहे. अहवाल छापून आला. त्यात त्या गावातील अठ्ठ्याऐंशी टक्के स्त्रियांना उपचारासाठी घरातून कोणतीही आडकाठी होत नाही, असे ठळक अक्षरांत आहे. ज्या गावांत आरोग्यसेविकेने घरोघरी जाऊन बायांना एकेकटीला भेटावे अशी शिफारस केली आहे, त्या यादीत ते गाव नाही. कोकिळाताईंनी यादी तीन वेळा वाचली. आनंदाबाईच्या शेजारी राहणाऱ्या, वावरात एका ओळीत वेचणाऱ्या बारा बाया अजून त्याच गावात आहेत. त्यांची दुखणी काय आहेत, हे फक्त कुलपातल्या ध्वनिमुद्रणांना ठाऊक आहे.

मे महिन्यात त्यांनी नमिताला फोन केला. ती कुडाळला आईवडिलांकडे परतली होती. कोकिळाताईंनी पाठ केलेली माफी सांगायला सुरुवात केली. नमिताने ती पूर्ण होऊ दिली आणि एकच विचारले.

"तुमच्या दुसऱ्या पत्रात कुणाचं नाव लिहिलंत का?"

"नाही लिहिलं."

"बरं केलंत." आणि मग, "मॅडम, मी दोन ठिकाणी अर्ज केला होता. प्रमाणपत्र पाहून दोघांनीही नको म्हटलं."

तिने दोष दिला नाही, क्षमाही केली नाही. फोन ठेवल्यावर कोकिळाताईंच्या लक्षात आले की इतक्या महिन्यांत आपण त्या मुलीला एकही प्रश्न विचारला नव्हता. फक्त सांगत आलो होतो.

वाचकांनो, हे लिहिण्याचे कारण हळहळ मिळवणे हे नाही. मागणी आहे, ती सरळ आहे. तुमच्या घरी बाईच्या दुखण्याविषयी, मारहाणीविषयी, शिक्षणाविषयी विचारायला ओळखीचे किंवा नात्याचे माणूस आले, तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा. अनोळखी माणूस मागा. घरातल्या इतरांनी तेवढा वेळ उठून बाहेर जावे. प्रश्न छापला आहे तसाच, एक शब्द न बदलता वाचायला लावा आणि लिहिलेले उत्तर तिथल्या तिथे वाचून घ्या. जे असे अहवाल छापतात, मागवतात, त्यांवरून गावांच्या याद्या करतात, त्यांनी आधी विचारावे की प्रश्न कोणी विचारला आणि तेव्हा शेजारी कोण बसले होते. आणि नमिता परब यांच्या प्रमाणपत्रावरील शेरा लेखी मागे घेतला जात नाही, तोपर्यंत त्या अहवालातील अठ्ठ्याऐंशी टक्के हा आकडा तुम्ही कोणीही, कोठेही वापरू नये.